कीड नाही, तरी हिरडीला पू? हाडांच्या जन्मजात आजारात मुलांचे दात कसे सांभाळायचे

तीन वर्षांचं मूल. दात पांढरेशुभ्र, कुठे काळा ठिपका नाही. तरी वरच्या पुढच्या दाताच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, पू जातो आणि महिन्याभराने पुन्हा येते. दातांचे डॉक्टर बघतात, कीड सापडत नाही, अँटिबायोटिक लिहून देतात. मुलाचे पाय जरा बाकदार आहेत, त्यांचं औषध दुसऱ्या दवाखान्यात चालू आहे. तिथे दातांचा विषय निघत नाही आणि इथे कुणी पायांबद्दल विचारत नाही.

प्रत्यक्षात दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात. हाडांचे काही आजार जन्मतःच, जनुकांतून येतात आणि त्यांतले बरेच तोंडातही उतरतात. काहींची पहिली खूण तर तोंडातच दिसते. हाडांचं मार्गी लागेपर्यंत दातांचं थांबवायचं, असं बहुतेक घरांत ठरतं. घरच्यांची ओढाताण समजते, पण या थांबण्याने मुलाचं जे नुकसान होतं ते नंतर भरून येत नाही. ते का, हे समजायला दात बांधला कसा जातो हे आधी पाहावं लागेल.

आधी बांधकाम समजून घेऊ

घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आणा. आत सळ्या, भोवती काँक्रीट. हाडात सळ्यांचं काम कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे करतात आणि काँक्रीटचं काम कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार. दाताचा मुख्य भाग, म्हणजे डेंटिन, याच पद्धतीने बनतो. डेंटिनच्या वर एनॅमलचं कठीण कवच असतं. मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, ज्याला आपण सगळे 'नस' म्हणतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो. दाताला जबड्याशी बांधणारे तंतू त्यात रुतलेले असतात.

हाड आणि दात यांत एक मोठा फरक आहे. हाड आयुष्यभर थोडं थोडं पाडून पुन्हा बांधलं जातं, त्यामुळे मोडलं तरी जुळतं. दात मात्र एकदाच बांधला जातो. उडालेलं एनॅमल परत येत नाही. आणि हे बांधकाम लवकर सुरू होतं: सहाव्या वर्षी दिसणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेत क्षार भरायला जन्माच्या सुमारासच सुरुवात झालेली असते. म्हणून बाळाला औषध कधी सुरू झालं, यावर त्याचे सहा-सात वर्षांनी येणारे दातही अवलंबून असतात.

सळईतच दोष: ठिसूळ हाडांचा आजार

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, थोडक्यात ओआय. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक बाळ. यात बहुतेकदा कोलॅजन बनवणाऱ्या जनुकांतच बिघाड असतो, त्यामुळे किरकोळ धक्क्यानेही हाड मोडतं. अनेकांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. यांतल्या काही मुलांच्या डेंटिनमध्येही तोच दोष उतरतो. सगळ्यांच्या नाही. उलट, डेंटिनचा असाच दोष हाडं धडधाकट असलेल्या मुलांतही वेगळ्या जनुकामुळे आढळतो, त्यामुळे दात तपकिरी दिसले म्हणून लगेच हाडांच्या आजाराचा शिक्का मारू नये.

हे दात राखाडी, निळसर किंवा मधाच्या रंगाचे दिसतात आणि उजेडात थोडे आरपार वाटतात. घरी हा रंग लोहाच्या औषधाचा किंवा किडीचा समजला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. रात्री तोंडात दुधाची बाटली राहून लागणारी कीड वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत सुरू होते आणि खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. डेंटिनच्या दोषात वरचे-खालचे, पुढचे-मागचे असे बरेच दात, बहुधा सगळेच, एकाच छटेचे असतात.

इथे एनॅमल म्हणजे चांगल्या प्रतीची फरशी आणि खालचा बेड भुसभुशीत. फरशीचा दोष नसतो, पण आधारच नाही म्हणून टवका उडतो. मग उघडं पडलेलं मऊ डेंटिन रोजच्या चावण्याने झिजत जातं आणि दाढ हिरडीपर्यंत सपाट होऊ शकते. दुधाच्या दातांचं हे नुकसान पक्क्या दातांपेक्षा सहसा जास्त असतं. एक्स-रेत दाताचा वरचा भाग फुगीर, मान बारीक, मुळं आखूड आणि नसेची पोकळी बुजत चाललेली दिसते. पोकळी बुजल्यावर रूट कॅनाल करणं फार अवघड होतं, म्हणून वेळ तिथवर जाऊ द्यायची नाही.

उपाय म्हणजे झिजायच्या आधी झाकणं. दुधाच्या दाढांवर स्टीलच्या तयार कॅप बसवतात. पहिली दाढ साधारण दीड वर्षाच्या आत-बाहेर येते, दुसरी सव्वादोन ते अडीच वर्षांच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या वाढदिवसापासूनच हा विचार डोक्यात हवा. जमेल तिथे दात न कोरता, भूल न देता कॅप बसवायची पद्धत वापरता येते. दाढांमध्ये फट नसेल तर तीन ते पाच दिवस आधी दोन दाढांमध्ये छोटं रबरी कडं अडकवतात. ठरल्या दिवशी कडं काढून, योग्य मापाची कॅप सिमेंटने भरून दाबून बसवतात. दोन-तीन आठवडे चावताना ती उंच लागते, मग दात आपोआप जुळवून घेतात. कडं अडकवल्यावर चिकट खाणं बंद, आणि कडं निघून पडलं तर लगेच फोन करायचा. ते हिरडीत सरकलेलं असण्याची शक्यताही तपासावी लागते. पुढच्या दातांना दाताच्या रंगाचं फिलिंग किंवा झिर्कोनियाच्या कॅप चालतात.

काँक्रीटचा माल गळतो: एक्सएलएच

सुरुवातीच्या मुलाचं कोडं बहुधा इथलं. एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फटेमिया, म्हणजे एक्सएलएच. शरीरात एफजीएफ२३ नावाचं संप्रेरक जास्त होतं आणि मूत्रपिंडं फॉस्फेट लघवीवाटे सोडून देतात. सळ्या ठीक असतात, माल पुरत नाही. पाय वाकतात, उंची कमी राहते. साध्या मुडदुसासारखंच दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं व्हिटॅमिन डीच दिलं जातं. सहा लाख युनिटचा डोस देऊनही तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत सुधारणा दिसली नाही, तर रक्तातलं फॉस्फेट बघायलाच हवं, आणि तेही मुलांच्या वयाच्या तक्त्याशी ताडून. मोठ्यांच्या तक्त्यात बसणारा आकडा लहान मुलासाठी कमी असू शकतो.

दातात काय होतं? डेंटिन सलग भरत नाही, मध्ये बारीक पोकळ्या राहतात. नस नेहमीपेक्षा मोठी असते आणि तिची टोकं एनॅमलपर्यंत पोचलेली असतात. वरून दात सुंदर दिसतो. पण एनॅमल जरा झिजलं किंवा केसाएवढी चीर पडली की त्या पोकळ्यांतून जंतू थेट नसेपर्यंत जातात. नस मरते, मुळाशी पू होतो. कीड कुठेच नसते, कारण जंतूंना कीड पाडून रस्ता करायची गरजच पडलेली नसते.

अशा मुलाला नुसत्या अँटिबायोटिकवर परत पाठवणं चूक आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. पू तात्पुरता सुकतो, मेलेली नस आतच राहते. एक्स-रे काढून दुधाच्या दाताची नस साफ करून भरायची किंवा दात काढायचा, यांपैकी एक करावंच लागतं. बाकीच्या दाढा उगवल्या उगवल्या त्यांच्या खाचा सीलंटने बंद करायच्या आणि दर सहा महिन्यांनी ते जागेवर आहे का ते पाहायचं. कॅप बसवायची वेळ आली तर दात कमीत कमी कोरायचा, कारण नस फार जवळ असते.

एक्सएलएचचं जुनं औषध म्हणजे फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं तयार, सक्रिय रूप. भारतात फॉस्फेट बरेचदा ज्युलीच्या द्रावणाच्या रूपात, दिवसातून चार ते सहा वेळा देतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, चव आंबट लागते, म्हणून घरात ते साखरेच्या सरबतात मिसळलं जातं. म्हणजे हाडांचं औषध दिवसातून सहा वेळा दातांवर आंबट-गोड लेप देऊन जातं. डोस पाण्यात द्या, वर दोन घोट साधं पाणी पाजून चूळ भरायला लावा, आणि ब्रश अर्ध्या तासाने करा. बुरोसुमॅब हे एफजीएफ२३ ला अडवणारं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. परिणामकारक आहे, पण अतिशय महाग.

दात मुळासकट पडला तर छपरावर फेकू नका

हायपोफॉस्फटेशिया हे नाव वरच्या आजारासारखं वाटतं, पण आजार निराळा आहे. यात अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम कमी पडतं, माल असूनही काँक्रीट घट्ट होत नाही. मुळावरचा सिमेंटम नीट बनत नाही, आणि दाताला धरून ठेवायला काहीच उरत नाही.

दुधाचा दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतो तेव्हा त्याचं मूळ विरघळून गेलेलं असतं, हातात नुसती टोपी येते. पाच वर्षांच्या आत, मार न लागता, लांब मुळासकट दात निघून आला तर ती धोक्याची घंटा आहे. सुरुवात बहुधा खालच्या पुढच्या दातांपासून होते. तो दात छोट्या स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवा. सोबत रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजची साधी तपासणी करा. वाढत्या मुलात हा आकडा मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट असतो, म्हणून मोठ्यांच्या तक्त्यात 'नॉर्मल' छापून आलेला आकडा मुलासाठी कमी असू शकतो. मुडदुसात आणि एक्सएलएचमध्ये तो वाढलेला असतो, इथे घटलेला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ठिसूळ हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट औषधं या आजारात टाळायची असतात.

आणखी दोन आजार थोडक्यात. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये जुनं हाड पाडणारे गवंडीच काम करत नाहीत. हाड दगडासारखं दाट होतं, पण त्याला रक्तपुरवठा कमी असतो. दात काढल्यावर जखम भरत नाही, जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग मुरतो. या मुलांत कीड होऊ न देणं हाच खरा इलाज, आणि दात काढायचाच झाला तर तो मोठ्या रुग्णालयात. क्लायडोक्रॅनियल डिस्प्लेझियात गळ्याजवळची हाडं अपुरी असतात, दोन्ही खांदे छातीपुढे जवळ आणता येतात. दुधाचे दात पडत नाहीत, पक्के आतच अडकतात आणि जास्तीचे दातही असतात. अशा मुलाचा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे सातव्या वर्षाच्या आसपास काढावा, बाराव्या वर्षाची वाट पाहू नये.

"दुधाचंच दात हाईत, पडणारच की!"

पडणार, पण शेवटची दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षी. तोवर मुलाने चावायचं कशाने? या मुलांना वजन आणि ताकद इतरांपेक्षा जास्त लागते. दाढा झिजल्या की वरचा-खालचा जबडा जास्तच जवळ येतो, जागा हरवते, पक्के दात वेडेवाकडे येतात. शिवाय मुळाशी साचलेला पू खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही खराब करू शकतो.

"खुर्चीवर घेताना हाड मोडलं तर?"

भीती रास्त आहे, आणि म्हणूनच तयारी घरापासून करायची. आधी फोन करून आजाराचं नाव सांगा, सकाळची, गर्दी नसलेली वेळ मागा. ओआयच्या मुलाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात बोटं फाकवून डोक्या-खांद्याखाली, दुसरा नितंबाखाली, आणि उचलायचं आई-वडिलांनीच. रोजची सवय त्यांना असते. चाकाच्या खुर्चीत तपासणी होत असेल तर हलवूच नका. गुडघ्यांखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवा. मान मागे ताणायची नाही. मूल रडलं तरी हातपाय दाबून धरायचे नाहीत, कारण अशा झटापटीतच हाड मोडायचा धोका असतो. काम थांबवायचं, पाच मिनिटं द्यायची, नाही जमलं तर दुसरा दिवस. ज्यांची हाडं फार ठिसूळ आहेत त्यांचा रक्तदाब दंडाला पट्टा आवळून घ्यावा का, हेही हाडांच्या डॉक्टरांना आधी विचारावं.

दात काढताना डॉक्टर एका हाताने जबड्याला खालून आधार देतात आणि हळूहळू, बेताच्या जोराने दात सैल करतात. दात बधिर करायचं इंजेक्शन या मुलांना देता येतं. पूर्ण भूल लागणार असेल तर ती लहान मुलांच्या भूलतज्ज्ञाकडून, रुग्णालयातच.

एक्स-रेची धास्तीही अनेकांना असते, कारण हाडांसाठी त्यांचे आधीच बरेच झालेले असतात. दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा किरणोत्सार आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो तेवढाच, किंवा त्याहून कमी असतो.

"त्या ड्रिपने जबडा सडतो म्हणे"

ओआयच्या मुलांना पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट या बिस्फॉस्फोनेट औषधांची ड्रिप काही महिन्यांच्या अंतराने देतात. कर्करोगासाठी मोठे डोस घेणाऱ्या प्रौढांत दात काढल्यावर जबड्याचं हाड मृत होण्याचा प्रकार घडतो, आणि इंटरनेटवर वाचलेलं बहुतेक त्याबद्दलच असतं. ओआयच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. म्हणून ड्रिप बंद करू नका आणि दात काढायचंही टाळत बसू नका. पहिल्या ड्रिपआधी तोंड तपासून घ्या, जे दात काढावेच लागणार ते आधी काढा. ड्रिप सुरू असताना काढायची वेळ आली तर दोन्ही डॉक्टरांनी बोलून तारीख ठरवावी. या औषधांनी पक्के दात थोडे उशिरा येऊ शकतात आणि तारा लावल्यावर दात सावकाश सरकतात, हे मात्र गृहीत धरा.

"गंगावेशीतलं धारोष्ण दूध पाजलं तर?"

दूध चांगलंच. पण टाकीची तोटी गळत असताना वरून कितीही पाणी ओतलं तरी टाकी भरत नाही, आणि सळई खराब असताना सिमेंट वाढवून स्लॅब टिकत नाही. या आजारांत दुधाने, पांढऱ्या रश्श्याने किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी मूळ दोष जात नाही. कॅल्शियम-डी मनाने वाढवणं तर काही आजारांत घातकही ठरतं. रात्री झोपताना साखर घातलेलं दूध देऊन त्यावर पाणीही न पाजणं, हे दातांसाठी सगळ्यात वाईट.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापुरती एक खास सूचना. डेंटिन कमकुवत असलेल्या मुलाच्या हातात सोलायला ऊस देऊ नका. दातांनी कांडं सोलताना पुढच्या दातांवर आडवा ताण येतो, टवका उडायला तेवढं पुरतं. गुऱ्हाळावर गेलात तर रस पेल्यातून, जेवणासोबत, वर चूळ. गुळाचा खडा तोंडात धरून ठेवणं, चिक्की, मटणाची नळी दातांनी फोडणं बंद. भडंगातले शेंगदाणे कुटून घाला. भाकरी दुधात किंवा रश्श्यात कुस्करून द्या.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ. टूथपेस्ट सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी करायचा. हात आखूड किंवा वाकलेला असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा, पकड येते. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

"आमच्यात कुणालाच नाही, मग याला कुठून?"

ओआय अनेकदा बाळातच नव्याने झालेल्या जनुकबदलामुळे येतो. एक्सएलएच वडिलांना असेल तर सगळ्या मुलींना येतो, मुलग्यांना येत नाही. आईला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. लहानपणीच दिसणारा गंभीर ऑस्टिओपेट्रोसिस बहुधा आई-वडील दोघांकडून एकेक दोष आल्यावर होतो, आणि मामाच्या मुलीशी लग्नाच्या आपल्याकडच्या रिवाजात तो धोका वाढतो. यात कुणाची चूक काढण्यासारखं काही नाही. पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

कोल्हापुरात सुरुवात कुठून

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांना पाय, फ्रॅक्चर आणि दात या तिन्ही गोष्टी एका दमात सांगा. पुढची पायरी छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे सीपीआर, हे सरकारी रुग्णालय. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. खासगीत जायचं तर लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ, म्हणजे पेडोडोंटिस्ट, शोधा. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे नेमलेलं केंद्र आहे आणि पात्र आजारांना ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून जाणारच असाल, तर हाडांच्या तपासणीच्या दिवशीच दातांचीही वेळ मागून ठेवा. मुलाला दोनदा हलवावं लागत नाही.

फाईलमध्ये सगळ्यात वर एकच कागद असू द्या: आजाराचं नाव, मोडलेल्या हाडांची यादी, औषधं आणि वजन, शेवटची आणि पुढची ड्रिप, हाडांच्या डॉक्टरांचा फोन. आणि सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरली, ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा तोंड उघडेना, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. गालाला शेक देऊ नका, हिरडीवर लवंगेचं तेल किंवा चुना लावू नका. तो कागद घ्या आणि रात्रीच अपघात विभाग गाठा.